ऑनलाइन सभेत ‘मंजूर’ म्हणण्याआधी पाच सेकंद थांबा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सहकारी संस्थांच्या वार्षिक सभा सप्टेंबरअखेरपर्यंत उरकायच्या असतात. मंडपातलं ‘मंजूर, मंजूर’ आणि त्यावरचं ‘नामंजूर, नामंजूर’ कोल्हापूर जिल्ह्याला नवं नाही. कोरोनाच्या काळात सभा पडद्यावर आल्या. मोठ्या सभा बहुतेक पुन्हा मंडपात गेल्या, पण संचालकांच्या बैठका, गृहनिर्माण सोसायट्यांच्या कमिट्या, पालकसभा, नोकरीच्या मुलाखती, तोंडी परीक्षा यांतलं बरंच काही पडद्यावरच राहिलं. त्याबरोबर एक तक्रारही राहिली. ‘मला बोलूच दिलं नाही’, ‘मुद्दाम म्यूट केलं’, ‘माझा प्रश्न आला तसा पुढचा विषय घेतला’. काही ठिकाणी हे मुद्दाम होतही असेल, त्यांची वकिली आम्हाला करायची नाही. पण अशा बैठकांची तांत्रिक बाजू सांभाळणाऱ्यांना ठाऊक असतं की यातल्या पुष्कळ तक्रारींचं मूळ नेटच्या उशिरात असतं. हा उशीर मोजता येतो, आणि मोजता येतो म्हणून त्यावर इलाजही करता येतो.

आधी हिशोब मांडू. समोरासमोर बोलताना एकाचा प्रश्न संपून दुसऱ्याचं उत्तर सुरू होण्यात सरासरी सेकंदाचा पाचवा भाग, म्हणजे २०० मिलिसेकंदांच्या आसपास वेळ जातो. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जगातल्या दहा भाषांत थोड्याफार फरकाने हेच दिसलं. बोलण्याची ही लय आपल्या अंगात इतकी मुरलेली असते की अर्ध्या सेकंदाची शांतता झाली तरी ‘काहीतरी बिनसलंय’ असं वाटू लागतं. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारसही याच धर्तीवर आहे: आवाज एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला १५० मिलिसेकंदांच्या आत पोचला तर संभाषणाला बाधा येत नाही, ४०० च्या पुढे जाऊ नये.

आता समजा, अध्यक्ष राजारामपुरीत फायबरवर बसले आहेत. एक सभासद शाहूपुरीत, तोही फायबरवर. दुसरा गगनबावड्यात, मोबाइल डाटावर. शाहूपुरीचा एकेरी उशीर ८० मिलिसेकंद धरू, गगनबावड्याचा ४५०. अध्यक्ष विचारतात, ‘या ठरावाला कुणाची हरकत?’ दोघांनाही हरकत आहे. प्रश्न कानावर पडल्यावर तोंड उघडायला दोघांनाही ३०० मिलिसेकंद लागतात आणि म्यूट काढायला एक सेकंद. शाहूपुरीकराची हरकत अध्यक्षांच्या कानावर १,४६० मिलिसेकंदांनी येते, गगनबावडेकराची २,२०० नी. अध्यक्ष दीड सेकंद थांबून ‘मंजूर’ म्हणणारे असतील तर पहिला काठावर बसला, दुसरा गेला.

गोष्ट इथेच संपत नाही. गगनबावड्याच्या सभासदाला प्रश्न ऐकू येतो ४५० व्या मिलिसेकंदाला. तो १,७५० व्या मिलिसेकंदाला बोलायला लागतो. अध्यक्षांचं १,५०० ला उच्चारलेलं ‘मंजूर’ त्याच्या कानावर पडतं १,९५० ला. म्हणजे त्याच्या दृष्टीने तो वेळेत बोलायला लागला आणि सेकंदाच्या पाचव्या भागात अध्यक्षांनी त्याला तोडलं. अध्यक्षांच्या कानाला मात्र ‘मंजूर’ म्हणून झाल्यावर ७०० मिलिसेकंदांनी कुणीतरी मध्येच ओरडलं. अध्यक्ष शपथेवर सांगतील की हा माणूस उशिरा आणि आगाऊपणे बोलला. सभासद शपथेवर सांगेल की माझं तोंड दाबलं. दोघेही खरंच बोलत असतील. आणि शाहूपुरीकराच्या तुलनेतला हा ७४० मिलिसेकंदांचा फरक प्रत्येक प्रश्नाला, प्रत्येक विषयाला त्याच माणसाच्या वाट्याला येतो. तासाभरात त्याच्या मनात पक्कं बसतं की इथे आपल्याला कुणी विचारत नाही.

माणूस या उशिराचा दोष नेटला क्वचितच देतो. बर्लिनमधल्या संशोधकांनी २०१४ मध्ये ध्वनिसंभाषणात मुद्दाम उशीर घालून हे तपासलं. उशीर वाढला तसा समोरचा माणूसच कमी लक्ष देणारा, कमी आपुलकीचा वाटू लागला. लाइनवर संशय जाण्याऐवजी स्वभावावर गेला. आवाजाच्या दर्जाचंही तसंच. एरिन न्यूमन आणि नॉर्बर्ट श्वार्ट्झ यांनी २०१८ मध्ये एकच भाषण एकदा स्वच्छ आणि एकदा खराब आवाजात ऐकवलं, तर खराब आवाजातला वक्ता ऐकणाऱ्यांना कमी हुशार वाटला आणि त्याचं संशोधनही कमी मोलाचं वाटलं. शब्द तेच होते. मुलाखत घेणाऱ्या समितीने हे वाक्य दोनदा वाचावं. ‘आत्मविश्वास’ या रकान्यात दिलेल्या गुणांतले काही गुण नेमके कशाला दिले जातात, हा प्रश्न त्यातून उभा राहतो.

न्यायालयांबाबत तर हे आणखी नाजूक आहे. मुंबई उच्च न्यायालयाचं कोल्हापूर सर्किट बेंच १८ ऑगस्ट २०२५ पासून सुरू झालं आणि त्याच्या कक्षेत सिंधुदुर्ग, रत्नागिरीपासून सोलापूरपर्यंतचे सहा जिल्हे आले. हायब्रिड सुनावणीची, म्हणजे काहींनी न्यायालयात तर काहींनी पडद्यावरून हजर राहण्याची सोय कोणत्याही उच्च न्यायालयाने नाकारू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्येच बजावलं आहे. ही सोय चांगलीच आहे, घाट उतरून-चढून यायचे दिवस वाचतात. पण जिथे साक्षीदार पडद्यावरून बोलतो तिथे उलटतपासणीत त्याचं उत्तर सेकंदभर उशिरा आलं, की तो अडखळला असं वाटतं. अडखळला तो की त्याचा आवाज तुकड्यातुकड्याने वाहून नेणारं नेटवरचं पाकीट, हे पडद्याकडे बघून कळत नाही.

हा उशीर येतो कुठून? अंतरातून नाही. काचेच्या तंतूतून प्रकाशाला हजार किलोमीटरला सुमारे ५ मिलिसेकंद लागतात, म्हणजे मुंबईतल्या सर्व्हरपर्यंत जाण्यात जेमतेम दोन-तीन. उरलेला बहुतेक उशीर दोन्ही टोकांच्या शेवटच्या काही मीटरांत आणि टॉवरच्या रांगेत तयार होतो. त्यातही घोळ होतो तो चढत्या वाटेवर, म्हणजे अपलोडमध्ये. टॉवर कित्येक वॅट ताकदीने बोलतो, आपला फोन जास्तीत जास्त ०.२ वॅटने. म्हणून राधानगरी, चंदगड, शाहूवाडीच्या डोंगरकपारीत ‘मला सगळं ऐकू येतंय, माझंच कुणाला जात नाही’ हे वाक्य इतक्यांदा ऐकू येतं. फोनवरच्या रेघा टॉवरकडून येणारा सिग्नल दाखवतात. आपला आवाज तिकडे कसा पोचतोय आणि टॉवरवर गर्दी किती, हे त्या रेघांत दिसत नाही. खरा आकडा अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये, ‘अबाउट फोन’मधल्या सिम स्टेटसखाली डीबीएममध्ये (सिग्नलची ताकद मोजायचं एकक) मिळतो. उणे ९० किंवा त्याहून बरा असेल तर निर्धास्त बसा, उणे ११० च्या खाली गेला तर जागा बदला. जाड दगडी भिंतीच्या वाड्यात माजघर सोडून सोप्यात आलं तरी दहा-पंधरा डेसिबलचा फरक पडू शकतो. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०२४ च्या नियमांनुसार कंपन्यांना आपले व्याप्ती नकाशे संकेतस्थळावर ठेवावे लागतात. ते जरूर बघावेत, पण नकाशावर रंग दिसला म्हणजे माजघरातून आवाज जाईलच असं नाही.

फायबरवर वेगळा रोग. जोडणी शंभर एमबीपीएसची असते, स्पीड टेस्टही शंभर दाखवते, तरी आवाज तुटतो. कारण बैठकीला वेग फार लागतच नाही. नुसत्या आवाजाला ६० ते ८० केबीपीएस पुरतात, बऱ्यापैकी चित्राला प्रत्येक दिशेने एक-दीड एमबीपीएस. लागतो तो सातत्याचा ओघ. आवाजाचं एक पाकीट २० मिलिसेकंदांचं असतं, सेकंदाला अशी ५० पाकिटं जातात. घरातल्या दुसऱ्या फोनने फोटोंचा बॅकअप चढवायला घेतला की राउटरमध्ये रांग लागते, आणि गळीत हंगामात वजनकाट्यापुढे ट्रॉल्यांच्या मागे अडकलेल्या दुचाकीसारखी या चिमुकल्या पाकिटाची गत होते. रिकाम्या लाइनवर २० मिलिसेकंद असलेला उशीर भरल्या लाइनवर ३०० च्या वर जाऊ शकतो. स्पीड टेस्टमध्ये डाउनलोडचा मोठा आकडा बघून खूश होण्याऐवजी अपलोड चालू असतानाचा पिंग, म्हणजे पाकीट जाऊन परत यायला लागणारा वेळ बघावा. काही चाचण्या तो वेगळा दाखवतात.

दोष वायफायचा की बाहेरच्या लाइनचा, हे ओळखायची साधी रीत आहे. संगणकावरून आधी आपल्याच राउटरच्या पत्त्यावर शंभर वेळा पिंग करा, मग बाहेरच्या एखाद्या पत्त्यावर. सरासरीकडे बघू नका, सर्वांत मोठा आकडा आणि हरवलेली पाकिटं बघा. राउटरपर्यंतच कधी ३ तर कधी १२० मिलिसेकंद लागत असतील तर कंपनीला फोन करण्यात अर्थ नाही, वायफाय खराब आहे. राउटरपर्यंत सगळं नीट आणि पुढे गडबड असेल, तर फायबरच्या डब्यावरचा ‘लॉस’चा दिवा बघा. लाल असेल तर प्रकाशच येत नाही. दिवा ठीक पण आवाज तुटत असेल तर तंत्रज्ञाकडून येणाऱ्या प्रकाशाचा आकडा मोजून घ्या. उणे २७ डीबीएमच्या जवळपास असेल तर कुठेतरी जोड ढिला आहे नाहीतर तार वाकली आहे. आपल्याकडे फायबर खांबांवरून लोंबत जाते, उसाने भरलेली ट्रॉली खालून गेली की ती ताणली जाते. तुटली तर लगेच कळतं. नुसती मुडपली तर महिनाभर ‘नेट कधीकधी अडकतं’ एवढंच कळतं.

पाकिटं हरवली तर काय होतं, हे ठराव लिहिणाऱ्याने समजून घेणं अगत्याचं. एखाद-दुसरं पाकीट गेलं तर ॲप मधली जागा अंदाजाने भरून काढतं, कानाला कळतही नाही. शेकडा पाच जाऊ लागली की शब्द खरवडतात. पण ती सुटीसुटी जात नाहीत, घोळक्याने जातात. सलग १५ पाकिटं गेली तर ३०० मिलिसेकंद गेले. ‘माझी हरकत नाही’ या वाक्यातला ‘नाही’ तेवढ्यात मावतो. इतिवृत्तात काय लिहिलं जाईल, सांगायला नको.

दुसरा प्रकार असा: पाकिटं हरवत नाहीत, पण खोळंबून एकदम येतात. ॲप ती साठवून ठेवतं, मग मागे पडलेलं बोलणं भरभर वाजवून वेळ भरून काढतं. ऐकणाऱ्यांना वाटतं, हा गडी घाबरून घाईघाईने बोलतोय. लोक हसतात. बोलणारा बिचारा संथच बोललेला असतो.

ॲपलाही आपले-परके असतात, हे फारसं बोललं जात नाही. कोण बोलतंय हे ते आवाजाच्या पातळीवरून ठरवतं आणि त्याचा चौकोन मोठा करतं. तुटक, बारीक आवाजाचा माणूस बोलत असतानाही पडदा दुसऱ्याकडेच राहतो. चांगल्या माइकवरून खोकणारा मोठा होतो, खराब नेटवरून मुद्दा मांडणारा छोटाच. ज्याचा अपलोड कमी त्याचं चित्र कमी दर्जाचं जातं, तो धूसर दिसतो. कॅमेरा बंद केला तर तो बहुधा मागच्या पानावर ढकलला जातो आणि मोबाइलवर बैठक बघणाऱ्यांना तो दिसतच नाही. लॅपटॉपच्या स्पीकरवर ऐकणाऱ्याकडे प्रतिध्वनी रोखणारी यंत्रणा, दोघे एकाच वेळी बोलले की त्याचा स्वतःचा आवाज दाबून टाकते. यावर वायरचा साधा हेडफोन हा सर्वांत स्वस्त इलाज. ब्लूटूथ नको, त्यात आणखी शंभरएक मिलिसेकंद जातात.

कॅमेरा बंद ठेवणं हा अनादर मानायची पद्धत तर बंदच व्हायला हवी. चित्रासह बैठकीला तासाला साधारण एक जीबी डाटा जातो, नुसत्या आवाजाला एका दिशेने ३० ते ४० एमबी. रोजचा दीड जीबीचा पॅक असलेल्या पालकाचा डाटा दोन तासांच्या सभेत संपतो, आणि नंतर वेग ६४ केबीपीएसवर येतो. त्यात चित्र सोडाच, आवाजही धड जात नाही. म्हणजे कॅमेऱ्याच्या आग्रहापायी शेवटच्या अर्ध्या तासात, जेव्हा मतदान असतं, तेव्हाच त्याचा आवाज बंद पडतो.

सभासदाने आपल्या टोकाला करायच्या गोष्टी थोड्याच आहेत. शक्य तिथे राउटरपासून लॅपटॉपपर्यंत केबल. केबल नसेल तर राउटरच्याच खोलीत बसून ५ गिगाहर्ट्झचं वायफाय. बैठकीपुरता सगळ्या फोनांचा बॅकअप बंद. वीज जाण्याची शक्यता असेल तर राउटरला छोटा यूपीएस. तो घेताना अडॅप्टरवरचा व्होल्ट आणि अँपिअरचा आकडा बघून घ्या, १२ व्होल्टच्या डब्याला ९ व्होल्टचा यूपीएस लावून ‘चालत नाही’ म्हणणारे पुष्कळ भेटतात.

एक इलाज मात्र लोकांना सुचतच नाही: साधा फोन. व्होल्टीईवरच्या, म्हणजे ४जी नेटवर्कवरून जाणाऱ्या साध्या फोनकॉलला टॉवर डाटापेक्षा अग्रक्रम देतो, त्याच्यासाठी ठरावीक वाट राखून ठेवतो. त्यामुळे ज्या ठिकाणाहून व्हिडिओ कॉल पाच मिनिटं टिकत नाही तिथूनच फोन खणखणीत लागतो. बैठकीच्या सेवेत फोनने जोडण्याचा नंबर असेल तर तो नोटिशीत छापा. नसेल तर यजमानाने, म्हणजे ॲपवर बैठक चालवणाऱ्याने, अशा सभासदाला फोन करून तो स्पीकरवर, बैठकीच्या माइकजवळ ठेवावा. ओबडधोबड दिसतं, पण आवाज पोचतो.

खरं काम अध्यक्षांचं आहे. आणि यासाठी कायद्यात एक नमुना तयार आहे, तो सहकारी संस्थांनी आणि सोसायट्यांनी जसाच्या तसा उचलायला हरकत नसावी. कंपनी कायद्याखालचे संचालक मंडळाच्या बैठकांचे २०१४ चे नियम घ्या. त्यातला तिसरा नियम व्हिडिओवरच्या बैठकीचा आहे. सुरुवातीला अध्यक्षाने हजेरी घ्यायची, प्रत्येकाने नाव आणि ठिकाण सांगायचं. कोणत्याही विषयावर बोलण्याआधी प्रत्येकाने आपली ओळख द्यायची. आणि एखाद्या संचालकाचं बोलणं तुटलं किंवा अस्पष्ट आलं, तर अध्यक्षाने किंवा कंपनी सचिवाने ते पुन्हा सांगण्याची विनंती करायची. ‘करायची’ म्हणजे मर्जीवर नाही, ते कर्तव्य आहे. ज्याचा आवाज तुटला त्याने ‘येतोय का, येतोय का’ म्हणत केविलवाणं ओरडायचं, ही आपल्याकडची पद्धत त्या नियमाच्या बरोबर उलटी आहे.

हजेरीलाच नेटची चाचणी करून घ्यावी. नाव पुकारल्यापासून ‘हजर’ ऐकू येईपर्यंत किती वेळ गेला, हे सहयजमानाने, म्हणजे यजमानाच्या मदतनिसाने, घड्याळावर मोजायचं. ज्यांना दोन सेकंदांहून जास्त लागले त्यांची नावं कागदावर वेगळी लिहायची. झूमच्या सेटिंगमध्ये स्टॅटिस्टिक्सच्या पानावर लेटन्सी (उशीर), जिटर (उशिरातला चढउतार) आणि पॅकेट लॉस (हरवलेली पाकिटं) यांचे आकडे असतात, ज्याला शंका असेल त्याने आपले आकडे चॅटमध्ये टाकावेत. उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत, जिटर ४० च्या आत आणि लॉस दोन टक्क्यांच्या आत असेल तर नेटचं कारण पुढे करू नये, हेही तितकंच खरं.

वेगळ्या लिहिलेल्या नावांना प्रत्येक विषयावर आधी बोलावायचं, नावाने. खुला प्रश्न टाकून ‘कुणी बोला’ म्हटलं की जवळचे आणि फायबरवाले जिंकतात, हे वरच्या हिशोबात दिसलंच. हात वर करण्याचं बटण खुल्या प्रश्नापेक्षा पुष्कळ बरं, कारण तो इशारा आवाजासारखा वाटेत हरवत नाही, थोडा उशिरा का होईना पोचतो. मात्र हातांच्या क्रमालाच पवित्र मानू नये. अर्धा मिनिट हात गोळा करावेत, मग यादी वाचून दाखवावी. नाव पुकारल्यावर पाच सेकंद थांबावं. पाचच का? आपल्या उदाहरणातल्या गगनबावडेकराला सव्वादोन सेकंद लागले ते बटण हाताशी असताना. फोनचा पडदा झोपलेला असेल, बोट दोनदा लावावं लागलं तर आणखी दोन-अडीच. त्यानंतरही आवाज नाही आला तर ‘तुमचा नंबर राखून ठेवतो’ असं मोठ्याने म्हणून पुढच्या दोघांना घ्यावं आणि परत यावं. ‘राखून ठेवतो’ हे शब्द महत्त्वाचे, कारण पलीकडच्याला बहुधा ऐकू येत असतं. आवाज तुटत आला तर अध्यक्षांनी आपल्याला काय समजलं ते एका वाक्यात म्हणून दाखवावं आणि हो की नाही एवढंच विचारावं. ते चॅटमध्येही लिहिता येतं.

बोलण्याला तीन मिनिटांची मर्यादा असेल तर घड्याळ आवाज पोचल्यापासून सुरू करावं. ‘ऐकू येतंय का’मध्येच वीस सेकंद जातात, तुटलेला वेळ परत द्यावा. सर्वांना म्यूट करून, स्वतः म्यूट काढायची सोयही बंद करायची पद्धत मोठ्या सभेत समजू शकतो. पण मग यजमानाने पाठवलेली म्यूट काढण्याची विनंती सभासदाच्या पडद्यावर उमटायची, त्याने ती बघायची, दाबायची, यात तीन ते पाच सेकंद सहज जातात. तोवर ‘ते काही बोलत नाहीत, पुढे चला’ झालेलं असतं. तीसेक जणांपर्यंतच्या बैठकीत ही कुलूपबंदी करूच नये. आणि वाद पेटेल असा विषय आला की सगळ्यांचेच कॅमेरे बंद करावेत, अध्यक्षांचाही. वाट मोकळी होते आणि धूसर चेहऱ्याचा तोटा कुणा एकाला होत नाही.

सर्वांत वाईट अवस्था अर्धी सभा सभागृहात आणि अर्धी पडद्यावर असली की होते. वीस जण टेबलाभोवती, एक लॅपटॉप टोकाला, चहा आला की कपबश्यांचा आवाज पडद्यावरच्या सगळ्यांच्या कानात. सभागृहातली कुजबुज, नजरानजर, अध्यक्षांनी मान डोलावणं यातलं पलीकडे काहीच जात नाही. निर्णय कुजबुजीत होतो आणि घोषणा तेवढी लॅपटॉपला ऐकू येते. यावर उपाय म्हणजे टेबलावर दर दोन-तीन माणसांमागे एक माइक, नाहीतर एकच फिरता माइक आणि ‘माइकशिवाय बोललेलं धरलं जाणार नाही’ हा नियम. पडद्यावरच्यांना आधी, सभागृहाला नंतर. सहयजमान दुसऱ्या कंपनीच्या नेटवर आणि जमल्यास दुसऱ्या भागातल्या विजेवर हवा, आणि इतिवृत्त लिहिणं त्याच्याकडे देऊ नये. त्याचं काम एकच, कोण आत आहे, कोण गळालं ते बघणं.

मुलाखती आणि तोंडी परीक्षांना एवढंच सांगतो: उत्तर यायला लागलेला वेळ गुणांत धरू नका, ओळख पटल्यावर कॅमेऱ्याची सक्ती करू नका, आणि किती वेळा लाइन तुटली की फोनवर मुलाखत घ्यायची हा आकडा उमेदवारांची नावं बघण्याआधी ठरवा. नंतर ठरवलेला आकडा कितीही सरळ असला तरी वाकडाच दिसतो.

राहता राहिलं मतदान. आवाजी मतदान पडद्यावर घेऊच नये. एकदम बोलणाऱ्यांतले मोजके आवाज ॲप पुढे पाठवतं, बाकीचे गाळतं, त्यामुळे ‘होय’ची बाजू मोठी की ‘नाही’ची हे कानाने ठरवता येत नाही. मतचाचणीचं बटण वापरावं आणि ते निदान दोन मिनिटं उघडं ठेवावं. मतदान सुरू करताना आत किती जण आहेत आणि बंद करताना किती मतं पडली, हे दोन्ही आकडे मोठ्याने वाचावेत. आत ४१ जण होते आणि मतं ३३ पडली, तर उरलेले आठ तटस्थ होते की बाहेर फेकले गेले हे सहयजमानाच्या यादीवरून लगेच कळतं. जे फेकले गेले त्यांना फोन लावून मत विचारावं आणि ‘फोनवरून’ अशी नोंद करावी. गणपूर्तीही याच वेळी पुन्हा मोजावी. इतिवृत्तात प्रत्येक ठरावाखाली कुणाची जोडणी किती वाजता तुटली आणि किती वाजता पुन्हा लागली, ही एक ओळ घालावी. ॲपच्या हजेरी अहवालात या वेळा आपोआप नोंदलेल्या असतात, तो अहवाल सभा संपल्यावर उतरवून इतिवृत्ताला जोडला की काम झालं.

आपले,
ऑनलाइन बैठका आणि नेट जोडणीची तांत्रिक कामं पाहणारे काही वाचक,
कोल्हापूर